स्पेनमध्ये नवीन घरात राहायला आल्यावर: व्हॅलेन्सियातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सांगलीची, व्हॅलेन्सियात राहून सहा वर्षं झाली. दर महिन्याला कोणीतरी मेसेज करतं, ताई घर मिळालं, आता पुढे काय? तेच प्रश्न, तीच घाई, आणि बऱ्याचदा त्याच चुका ज्या आम्ही पण केल्या. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. व्हॅलेन्सिया डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, बार्सिलोना किंवा माद्रिदला वेगळं असेल तिथे तसं सांगितलंय.

किल्ली हातात आली, सगळ्यात आधी काय करू?

बॅगा तशाच राहू देत. आधी आयुंतामिएंतोची म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या ऑफिसची अपॉइंटमेंट घ्या आणि एम्पाद्रोनामिएंतो करा. इथे सगळे त्याला नुसतं पाद्रोन म्हणतात. तुम्ही ह्या पत्त्यावर राहता ही सरकारदरबारी नोंद, बस एवढंच. पण हेल्थ कार्ड, मुलांची शाळा, रेसिडेन्स कार्ड, पुढे कधी नागरिकत्वासाठी अर्ज केलात तर तो, सगळं ह्या एका कागदावर लटकलेलं असतं. पासपोर्ट आणि घराचा करार घेऊन जायचं, मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले पण. आणि हो, आपण युरोपियन युनियनच्या बाहेरचे, त्यामुळे कायमचं रेसिडेन्स मिळेपर्यंत ही नोंद दर २ वर्षांनी रिन्यू करावी लागते. फोनमध्ये रिमाइंडर आजच लावा. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याचं नाव असंच कमी झालं होतं आणि त्यांना ते कळलं थेट मुलाच्या शाळेच्या ॲडमिशनला.

घरमालक म्हणतो पाद्रोन करू नका. मग?

मग दुसरं घर बघा, खरंच सांगते. जो जिथे राहतो त्याने तिथे नोंद करायचीच असा इथला कायदा आहे, मालकाला अडवायचा अधिकार नाहीये. करार तुमच्या नावावर असेल तर त्याची परवानगी सुद्धा लागत नाही. कोणाच्या घरात एक खोली घेतलीये आणि कागद काहीच नाही, तेव्हाच मालकाची किंवा मुख्य भाडेकरूची सही लागते, ती खोली घ्यायच्या आधीच स्पष्ट विचारून घ्या, नंतर माणसं टाळाटाळ करतात.

करारात काय बघायचं? डिपॉझिट किती देतात?

राहत्या घरासाठी फियांसा म्हणजे कायद्यातलं डिपॉझिट १ महिन्याचं भाडं. त्याच्यावर मालक जास्तीत जास्त अजून २ महिन्यांची हमी मागू शकतो. मालक व्यक्ती असेल तर तुम्हाला ५ वर्षं राहायचा हक्क असतो, कंपनी असेल तर ७, आणि तुम्हाला स्वतःला सोडायचं असेल तर ६ महिने झाल्यावर ३० दिवस आधी कळवून सोडता येतं, पण करारात त्यासाठी भरपाईचं कलम टाकलंय का ते वाचा. २०२३ च्या घरांच्या कायद्यानंतर राहत्या घराच्या करारात एजन्सीची फी मालकाने द्यायची असते, तरी काही एजंट वेगवेगळ्या नावांनी मागतात, तिथे शांतपणे पण ठामपणे विचारायचं की हे कशाचे पैसे.

आता खरी मेख. बरेच जण ११ महिन्यांचा ‘तेम्पोरादा’ करार पुढे करतात. आपल्याला पुण्या-मुंबईत ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट इतकं अंगवळणी पडलंय की आपण सही करून मोकळे. इथे त्याचा अर्थ वेगळा होतो: तुम्ही तात्पुरते आलाय असं मानलं जातं आणि वरचं ५ वर्षांचं संरक्षण जातं. तुम्ही खरोखर राहायला आला असाल तर ‘विविएंदा आबित्वाल’ म्हणजे नेहमीचं राहतं घर हे शब्द करारात हवेतच.

आणि घर प्रत्यक्ष बघायच्या आधी कोणालाही एक युरो पाठवायचा नाही. मालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल, फोटो अगदी हॉटेलसारखे, असं काही दिसलं की ते फसवणुकीचं प्रकरण आहे असंच धरा. भारतातून बुक करायची घाई असते मला माहितीये, पण पहिला महिना कुठेतरी तात्पुरतं राहा आणि इथे येऊन बघा.

निए आणि तिए एकच का?

नाही. निए हा परदेशी माणसाचा नंबर, तो आयुष्यभर तोच राहतो. तिए म्हणजे प्लास्टिकचं कार्ड, फोटो आणि बोटांच्या ठशांसकट. लाँग टर्म व्हिसावर आलात की १ महिन्याच्या आत तिएसाठी अर्ज करायचा असतो आणि खरा त्रास तिथेच, पोलिसांची अपॉइंटमेंट म्हणजे सिता प्रेव्हिया मिळणं. साइट उघडायची, स्लॉट नाही, परत उघडायची, परत नाही. सकाळी लवकर आणि आठवड्याच्या सुरुवातीला बघत राहा, आमचं तसंच झालं. पैसे घेऊन सिता विकणारे लोक भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, सिता फुकट असते. एक्स-१७ नंबरचा फॉर्म, ७९०-०१२ ची फी बँकेत भरल्याची पावती, फोटो, पासपोर्ट आणि त्याची झेरॉक्स. झेरॉक्स पासपोर्टच्या सगळ्या पानांची न्या, एखादी खिडकी मागते एखादी नाही.

गोव्याचे ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्यांचं सगळंच सोपं, ते युरोपियन नागरिक म्हणून येतात. त्यांना तिए नाही, हिरवा नोंदणी दाखला मिळतो.

लग्नाचा आणि जन्माचा दाखला कसा आणायचा?

भारतातून निघायच्या आधीच परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल करून आणा. मग स्पॅनिश भाषांतर, ते पण शपथ घेतलेल्या अधिकृत भाषांतरकाराकडूनच, इथे त्याला त्रादुक्तोर खुरादो म्हणतात. क्रम लक्षात ठेवा: आधी अपोस्टिल मग भाषांतर, कारण अपोस्टिलचं पण भाषांतर व्हावं लागतं. मराठीतला जुना दाखला असेल तर महापालिकेकडून इंग्रजीसकटचा नवीन काढून घ्या. इथे आल्यावर नातेवाइकांना पळवायला लागतं आणि सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला येतो.

फॉर्मवर दोन आडनावं मागतात, मी काय लिहू?

हा प्रश्न मराठी माणसाला सगळ्यात जास्त छळतो. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं बहुतेक वेळा वडिलांचं आणि दुसरं आईचं, आणि बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत. आपलं मात्र स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. खिडकीवरची बाई मधलं नाव बघते आणि पहिलं आडनाव म्हणून ठोकून देते. माझं पाद्रोनवर एक, विजेच्या बिलावर दुसरं आणि बँकेत तिसरं अशी तीन रूपं झाली होती, वीज कंपनीला ते दुरुस्त करायला चार महिने लागले आणि तोपर्यंत ते बिल कुठेच पुरावा म्हणून चालेना. म्हणून नियम एकच, पासपोर्टवर ‘सरनेम’च्या ओळीत जे छापलंय तेवढंच पहिलं आडनाव, दुसऱ्याची जागा रिकामी, आणि बाकी सगळं ‘नोम्ब्रे’ म्हणजे नावाच्या रकान्यात. प्रिंट हातात आली की खिडकी सोडायच्या आधी तिथेच उभं राहून वाचा.

वीज सारखी ट्रिप होते, वायरिंग खराब आहे का?

बहुतेक नाही. इथे तुम्ही किती किलोवॅट एका वेळी वापरणार ते आधीच ठरवून घेतलेलं असतं, त्याला पोतेन्सिया म्हणतात, आणि त्याचे पैसे तुम्ही वापरा न वापरा दर महिन्याला लागतात. आमच्या घरात ३.४५ होती. पहिल्या रविवारी ओव्हन चालू, गीझर चालू, वॉशिंग मशीन चालू आणि मी इंडक्शनवर कढई ठेवली की खट्कन सगळं बंद. मेन स्विच खाली करून काही सेकंद थांबा, मग वर करा, बहुतेक वेळा येते. सारखंच होत असेल तर पोतेन्सिया वाढवून घ्या, पण आधी महिनाभर बघा, कारण एका वेळी दोन मोठ्या गोष्टी लावायच्या नाहीत एवढी सवय केली तरी भागतं.

सरकारी नियमातला दर घेतलात तर सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते दुपारी २ आणि संध्याकाळी ६ ते रात्री १० वीज महाग, रात्री १२ ते सकाळी ८ आणि शनिवार-रविवार पूर्ण स्वस्त. मशीन लावायचं ते ह्या हिशोबाने. आणि घर घेताना मीटरचा फोटो काढा, नाव बदलून घ्यायला फी नसते, जुन्या बिलावरचा ‘ईएस’ने सुरू होणारा लांबलचक कोड तेवढा लागतो.

कुकर, मिक्सर, तवा आणू का?

मिक्सर आणा, व्होल्टेज २३० च आहे, फक्त पिन बसणार नाही, अडॅप्टर लागेल, तो चांगल्या प्रतीचा घ्या कारण मिक्सर जास्त करंट खेचतो. कुकरचं मात्र थांबा. इथे गॅस सगळीकडे नसतो. काचेची शेगडी दोन प्रकारची, साधी व्हित्रो आणि इंडक्शन. ॲल्युमिनियमचा कुकर व्हित्रोवर चालतो, इंडक्शनवर अजिबात नाही. घर ठरल्यावर मालकाला विचारा आणि भांड्याच्या तळाला चुंबक लावून बघा, चिकटलं तर इंडक्शनवर चालणार. गोल बुडाची कढई आणि खोलगट तवा दोन्हीवर निरुपयोगी. कुकरच्या रिंगा आणि शिट्ट्या मात्र भरपूर आणा, त्या इथे मिळवायला दमछाक होते.

काही जुन्या घरात नारिंगी रंगाचं ब्युटेनचं सिलिंडर असतं, १२.५ किलोचं, रिकाम्या लोखंडाचं वजन वेगळं. लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर घर घेत असाल तर हे आधी विचारा.

किराणा कुठे मिळतो, आणि साध्या सुपरमार्केटमध्ये काय मिळतं?

जितकं वाटतं त्यापेक्षा खूप जास्त मिळतं, फक्त नावं माहिती हवीत. बेसन म्हणजे आरिना दे गार्बान्सो. मसूर डाळ म्हणजे लेंतेखा रोखा. रवा म्हणजे सेमोला. जिरं कोमिनो, हळद कुर्कुमा, शेंगदाणे काकावेते, कोथिंबीर सिलान्त्रो, आणि सिलान्त्रोच्या शेजारी अगदी तशीच दिसणारी पेरेखिल असते ती घेऊ नका, एक पान चोळून वास घ्या म्हणजे कळेल. गुळासाठी पानेला शोधा, लॅटिन अमेरिकन दुकानात नक्की, मी पुरणपोळी त्याच्यावरच करते. पोहे, तूर डाळ, कढीपत्ता, ज्वारीचं पीठ ह्यासाठी भारतीय-पाकिस्तानी दुकान, व्हॅलेन्सियात रुसाफाच्या बाजूला बघा, बार्सिलोनात रावाल, माद्रिदमध्ये लावापिएस.

शाकाहारी असाल तर बाहेर ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको, एवढंच म्हणून भागत नाही. कार्ने म्हणजे त्यांच्या डोक्यात नुसतं मटण-बीफ, मग सॅलडवर ट्यूना येतो नाहीतर भाजीत हॅमचे तुकडे. स्पष्ट म्हणा, ‘नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन’, म्हणजे मांस नको, मासे नको, हॅम पण नको. आणि ही पाएल्या नावाच्या भाताची भूमी, इथली मूळ पाएल्या चिकन आणि सशाची असते, भाज्यांची वेगळी मागावी लागते.

ऊन असलेला देश ना, मग घरात एवढी थंडी का?

जानेवारीत बाहेर स्वेटर काढावासा वाटतो आणि घरात आलं की दात वाजतात. इथली बरीच जुनी घरं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली, फरशी गार, हीटिंग नाही, आणि समुद्रामुळे दमट. घर बघायला जाताना ऊन कुठून येतं हे विचारा, दक्षिणेकडचं घर असेल तर हिवाळा सुसह्य. कपाटामागच्या भिंती हाताने चाचपा, काळे डाग किंवा ताज्या रंगाचा ठिपका दिसला तर ओल आहे समजा.

आणि पेर्सियाना, म्हणजे खिडकीवरची गुंडाळी होणारी पट्ट्यांची झडप, ती शोभेची नाहीये. पहिल्या जुलैत आम्ही उजेड हवा म्हणून दिवसभर उघडी ठेवली आणि घराची भट्टी झाली. उन्हाळ्यात सकाळी खिडकी बंद, पेर्सियाना खाली, सूर्य कलला की सगळं उघडायचं. हिवाळ्यात उलटं.

तळमजल्याचं घर स्वस्त मिळतंय, घेऊ का?

जागा कुठे आहे ते बघा. व्हॅलेन्सियात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही तासांत महिन्यांचा पाऊस पडू शकतो. १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदीचा प्रवाहच शहराबाहेर वळवला, जुन्या पात्रात आता लांबलचक बाग आहे. पण २९ ऑक्टोबर २०२४ ला दक्षिणेकडच्या गावांमध्ये जे पाणी आलं त्यात ह्या प्रांतात २०० हून जास्त माणसं गेली, काही जण तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी काढायला उतरली होती. आमच्या ओळखीच्या घरांत आम्ही चिखल उपसायला गेलो होतो, भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ होती. त्यामुळे ओढ्यानाल्याच्या जवळचा तळमजला मी कोणालाच सुचवणार नाही. मोबाइलवर धोक्याच्या इशाऱ्याचा कर्कश अलर्ट वाजला तर वर जायचं. गाडीसाठी खाली उतरायचं नाही.

बाथरूम धुवायचं कसं? फरशीला जाळीच नाही!

नाहीच असते. बादलीने पाणी ओतलंत तर ते खालच्या घराच्या छतातून उतरेल आणि पहिलीच ओळख भांडणाने होईल. फ्रेगोना घ्या, म्हणजे लांब दांड्याचा मॉप आणि पिळायची बादली, ही स्पेनमध्येच १९५६ मध्ये मानुएल खालोन ह्यांनी आणलेली वस्तू आणि इथे प्रत्येक घरात असते. पाणी जड आहे, नळाला पांढरी खर बसते, पांढरं व्हिनेगर लावून ठेवा, निघते. प्यायला लोक बाटलीचं आणतात किंवा फिल्टर लावतात.

दार बाहेरून उघडत नाही असं ऐकलं?

बरोबर ऐकलंत, बाहेरून नुसती मूठ असते, ती फिरत नाही. दार ओढलं गेलं की किल्लीशिवाय आत जाता येत नाही. मी रविवारी रात्री चपलांवर कचरा टाकायला खाली गेले, वाऱ्याने दार लागलं, फोन आत. कुलूपवाल्याने रविवार आणि रात्र दोन्हीचे पैसे लावले. आतल्या बाजूने कुलपात किल्ली तशीच राहिली असेल तर बऱ्याच कुलपांना बाहेरून दुसरी किल्ली पण लागत नाही, ही सवय आजपासून मोडा. एक जादा किल्ली शेजाऱ्यांकडे द्या.

पण शेजारी तर ओळखीचेच नाहीत, ओळख कशी करायची?

तुम्ही सुरुवात करायची. लिफ्टमध्ये, जिन्यात, ‘ओला, बोन दिया’ म्हणायचंच, न बोलता उभं राहणं इथे उद्धटपणाचं समजतात. पोस्टाच्या पेटीवर म्हणजे बुसोनवर घरातल्या सगळ्यांची नावं चिकटवा, नाहीतर तिएची, बँकेची पत्रं परत जातात. व्हॅलेन्सियात पत्त्यात दाराचा नंबर ‘पुएर्ता’ म्हणून लिहितात, तो विसरू नका. बार्सिलोनाच्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर एंत्रेसुएलो, मग प्रिन्सिपाल, मग कुठे पहिला मजला, त्यामुळे ‘तिसरा मजला’ म्हणजे पाच जिने निघू शकतात.

कपडे इमारतीच्या आतल्या चौकात दोरीवर वाळत घालतात, पात्यो दे लुसेस म्हणतात त्याला. माझी एक हिरवी ओढणी पहिल्याच आठवड्यात निसटून दोन मजले खाली एका आज्जींच्या दोरीवर पडली. संध्याकाळी त्यांनी दार वाजवलं, ओढणी इस्त्री करून घडी घातलेली आणि वर माझे दोन चिमटे ठेवलेले. मला तेव्हा ‘ग्रासियास’च्या पुढे काही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डब्यात बेसनाचे लाडू घेऊन गेले, त्यांनी कागद-पेन घेऊन आरिना दे गार्बान्सो, साखर, तूप असं लिहून घेतलं. आमची जादा किल्ली आज त्यांच्याकडेच असते. मला मिळालेली निम्मी माहिती, कुठला डॉक्टर बरा, कुठल्या दुकानात पडदे, सगळी त्यांच्याकडून.

बाजारात पण एक गोष्ट. मंडईत रांग दिसत नाही, बायका इकडेतिकडे उभ्या असतात, पण रांग असते. गेल्याबरोबर मोठ्याने विचारायचं, ‘किएन एस ला उल्तिमा?’, शेवटची कोण? कोणीतरी हात वर करतं, तुमचा नंबर तिच्यानंतर, आणि पुढच्या बाईने विचारलं की तुम्ही हात वर करायचा. ज्या दिवशी कोणीतरी मला विचारलं आणि मी ‘यो’ म्हणजे ‘मी’ म्हटलं, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी इथली आहे.

डॉक्टर?

नोकरी असेल तर सोशल सिक्युरिटी नंबर आणि पाद्रोन घेऊन घराजवळच्या सेंत्रो दे सालुदमध्ये जा, तिथे कार्ड मिळतं, इथे त्याला सिप म्हणतात. खाजगी इन्शुरन्सच्या अटीवर व्हिसा मिळाला असेल तर त्या इन्शुरन्सचा दवाखाना. इमर्जन्सीला ११२. रात्री औषध लागलं तर कुठल्याही बंद फार्मसीच्या दारावर त्या दिवशी उघडी असलेल्या फार्मसीची माहिती लावलेली असते.

मुलांची शाळा, आणि ही व्हॅलेन्सियानो भाषा काय?

६ ते १६ वर्षं शाळा सक्तीची, पण ३ वर्षांपासूनच बहुतेक मुलं जातात आणि सरकारी शाळेत फी नाही. मधेच आलात तरी जागा द्यावीच लागते, फक्त घराजवळची मिळेल असं नाही. स्पॅनिशबरोबर व्हॅलेन्सियानो पण शिकवतात, ती बार्सिलोनाकडच्या कातालान भाषेच्या कुळातली. आईवडील घाबरतात, मुलं नाही घाबरत. आमचा मुलगा चार महिन्यांत दोन्ही बोलायला लागला. घरात मात्र मराठीच बोला, ही माझी हात जोडून विनंती. शाळेतल्या बाईंनी पण आम्हाला तेच सांगितलं.

भारताचं लायसन्स चालतं का?

रेसिडेन्स मिळाल्यावर ६ महिने. मग इथली लेखी आणि ड्रायव्हिंगची परीक्षा परत द्यावी लागते, भारताचं लायसन्स बदलून मिळत नाही.

घरी गणपती बसवता येतो का?

का नाही! आम्ही दीड दिवसाचा बसवतो. शाडूची छोटी मूर्ती सांगलीहून येताना केबिन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. तांदळाचं पीठ सुपरमार्केटमध्ये आरिना दे आर्रोस म्हणून मिळतं, नारळ फळांच्या दुकानात, पानेला आहेच, मोदक छान होतात. फटाके तर ह्या शहराला आपल्यापेक्षा जास्त आवडतात, मार्चमध्ये फाय्यास ह्या इथल्या सणासाठी १ ते १९ तारखेपर्यंत रोज दुपारी २ वाजता भर चौकात उडवतात, त्यामुळे टाळ आणि आरतीच्या आवाजाने कोणी दचकत नाही, फक्त रात्री १० नंतर आवाज नको. विसर्जन समुद्रात किंवा बागेच्या पाण्यात करू नका, मोठ्या बादलीत करा, माती विरघळली की ते पाणी कुंड्यांना घाला. खालच्या आज्जी आरतीला येतात, खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतात, आणि जाताना पुढच्या वर्षीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायला मागून घेतात.